दहा किलोचा धडा, दहा ग्रॅमचा

द्राक्षाच्या हंगामात पॅकहाउसच्या दाराशी पहिलं काम असतं माल मोजून घेण्याचं. पिकअप मागे लागते, क्रेट प्लॅटफॉर्म काट्यावर चढतात, एकूण वजनातून रिकाम्या क्रेटचं वजन, म्हणजे धडा, वजा होतो आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. ओझरच्या पुढे, महामार्गापासून थोडं आत असलेल्या एका पॅकहाउसमध्ये ही पावती मी लिहिलेल्या पायथन स्क्रिप्टमधून निघते. आधी वजन डिस्प्लेवर बघून हाताने टाइप व्हायचं. मग मालकांनी नवा काटा घेतला, आणि आकडा थेट कॉम्प्युटरमध्ये आला पाहिजे असं ठरलं. जानेवारीत गाड्या सुरू व्हायच्या आत.

काटेवाल्यांनी मेलवर एक झिप पाठवली. आत सी-शार्प या भाषेत लिहिलेली एक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅममधून वापरायची तयार कोडची फाइल), तिचा नमुना प्रोजेक्ट आणि तिच्यातल्या मेथडची, म्हणजे नाव घेऊन करून घेता येणाऱ्या कामांची, यादी असलेली पीडीएफ. पायथनचा उल्लेख कुठेच नाही. फोन केला तर पलीकडचा इंजिनिअर म्हणाला, "सर, आमचे सगळे क्लायंट डॉट नेटमध्येच करतात."

डॉट नेट म्हणजे सी-शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म. मीही सी-शार्पमध्ये करू शकलो असतो. पण मोजणीच्या टेबलावर बसणारे नाना रोज काहीतरी नवं सांगतात: आज पावतीवर जातीच्या खाली मण्याची साइझ हवी, उद्या प्लॉटचा नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरात हवा. निर्यातीचा माल असल्याने कुठला क्रेट कुठल्या प्लॉटचा याचा माग ठेवावाच लागतो, त्यामुळे पावती ही नुसती वजनाची चिठ्ठी राहत नाही. अशा वेळी नोटपॅडमध्ये फाइल उघडून दोन ओळी बदलता येणं ही मोठी सोय आहे. ती सोडून दर वेळी प्रोजेक्ट बिल्ड करून पाठवत बसण्याची माझी तयारी नव्हती.

मग डीएलएलपर्यंत पोचायचं कसं? पायथनसोबत सीटाइप्स येतंच, पण ते साध्या सी फंक्शन्ससाठी. डॉट नेटच्या डीएलएलमध्ये असतात इंटरमीजिएट लँग्वेज (डॉट नेटलाच कळणारा मधला कोड) आणि मेटाडेटा (आत कुठल्या मेथड आहेत याची नोंद). सीटाइप्सला बाहेरून पकडायला तिथे फंक्शनच सापडत नाही. दुसरा रस्ता आयर्नपायथनचा. जिम ह्युगुनिन यांनी आधी जावासाठी जायथन उभं केलं आणि मग डॉट नेटसाठी आयर्नपायथन, ज्याची 1.0 आवृत्ती 2006 मध्ये आली. तिथे पायथनच डॉट नेटवर चालतो, त्यामुळे डीएलएलशी बोलणं सोपं. पण सीमध्ये लिहिलेल्या पायथन लायब्रऱ्या त्यात चालत नाहीत, आणि पावतीवरचा लोगो आणि क्यूआर कोड मी पिलो या चित्रांच्या लायब्ररीने काढतो. म्हणून उरला तिसरा रस्ता: पायथन नेट. यात नेहमीचा पायथन तसाच राहतो आणि त्याच प्रोसेसमध्ये डॉट नेटचा रनटाइम (प्रोग्रॅम चालवणारा भाग) उभा राहतो. 'इम्पोर्ट सीएलआर' म्हणायचं, 'ॲडरेफरन्स'ला डीएलएलचं नाव द्यायचं, आणि तिच्यातल्या नेमस्पेस (नावांचे गट) पायथन मॉड्यूलसारख्या इम्पोर्ट करायच्या.

म्हणायला सोपं. पहिल्याच ओळीला 0x80131515 या क्रमांकाची एरर आली. कारण भाषेचं नव्हतंच. मेलवरून किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज गुपचूप 'ही बाहेरून आली' अशी खूण लावतं, झिप उघडली की ती खूण आतल्या फाइलींवरही उतरते, आणि डॉट नेट फ्रेमवर्क अशी डीएलएल लोड करायला नकार देतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉकवर टिक. हे झालं की लगेच पुढची: 'बॅडइमेजफॉरमॅट'. नाव वाचून फाइल खराब आहे असं वाटतं, पण ती चांगली होती. डीएलएल 32 बिटसाठी बांधलेली आणि माझा पायथन 64 बिटचा. एका प्रोसेसमध्ये दोन्ही नांदत नाहीत. 32 बिटचा पायथन वेगळा टाकला आणि काटा जोडला गेला.

इथपर्यंतचं सगळं इंटरनेटवर शोधून मिळतं. खरा विषय त्यापुढे सुरू होतो.

एक भरलेला क्रेट काट्यावर चढवला आणि वजन वाचलं. काट्याच्या डिस्प्लेवर 18.40. सी-शार्पच्या नमुना प्रोग्रॅममध्ये 18.4. माझ्या पावतीवर 18.399999618530273. नानांनी पावती उजेडात धरली. "सर, हे वजन आहे का कोणाचा मोबाईल नंबर?"

काट्याची मेथड वजन 'सिंगल' या टाइपमध्ये देते, म्हणजे 32 बिटांत. 18.4 हा आकडा बायनरीत, म्हणजे नुसत्या 0 आणि 1 मध्ये, नेमका बसत नाही, म्हणून त्याच्या सगळ्यात जवळचा आकडा साठवला जातो. सी-शार्पला माहीत असतं की हे सिंगल आहे, त्यामुळे छापताना तो सिंगलच्या कुवतीइतकेच अंक दाखवतो. पायथनकडे फ्लोट, म्हणजे दशांश आकड्यांचा टाइप, एकच, आणि तो 64 बिटचा. सीमा ओलांडताना किंमत जशीच्या तशी आली, पण ती कितपत अचूक मानायची ही माहिती मागे राहिली. पायथन मग प्रामाणिकपणे सतरा अंक छापतो. उपाय सरळ आहे, काटा दहा ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो तर दोन दशांशांवर राउंड करायचं. फक्त ते बेरीज करण्याआधी करायचं, पावती छापताना नव्हे. नाहीतर ओळींची बेरीज आणि खालचा एकूण आकडा यांत कधीतरी शेवटच्या अंकाचा फरक पडू शकतो आणि शेतकरी तो बरोबर पकडतो.

वजन स्थिर झालंय का हे विचारणारी 'ट्रायरीड' नावाची मेथड होती. सी-शार्पच्या रिवाजाप्रमाणे ती खरं-खोटं परत देते आणि वजन 'आउट' पॅरामीटरमधून बाहेर काढते. पायथनमध्ये आउट असा प्रकार नाही, म्हणून पायथन नेट परतीची किंमत आणि आउटची किंमत एका टपलमध्ये (किमतींच्या जोडीत) बांधून देतो. मी आउटच्या जागी 0.0 देतो आणि उत्तर दोन नावांत सोडवून घेतो. ते सोडवून न घेता नमुना प्रोग्रॅमसारखं 'इफ काटा.ट्रायरीड' असं लिहिलं, तर काय होतं ते मुद्दाम करून पाहिलं. काट्याची केबल काढली, स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्ट म्हणाली वजन स्थिर आहे. रिकामा नसलेला टपल पायथनमध्ये नेहमी खराच, मग त्याच्या आत पहिलंच 'फॉल्स' का असेना. एरर नाही, वॉर्निंग नाही. सी-शार्पच्या कंपायलरपुढे असा गोंधळ टिकलाच नसता, कारण तिथे इफला बूलियनच, म्हणजे खरं किंवा खोटंच, लागतं.

आता धड्याकडे.

'सेटटेअर' नावाची मेथड पीडीएफमध्ये दोनदा होती. एकात 'इंट' (पूर्णांक) घ्यायची, दुसऱ्यात 'डबल' (64 बिटचा दशांश आकडा). इंटवाली ग्रॅममध्ये, डबलवाली किलोमध्ये. जुनी टर्मिनल्स ग्रॅमचा पूर्णांक मागायची, नव्यांना किलो चालतात, आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून दोन्ही ठेवल्यात, असं इंजिनिअरने सांगितलं. अशी रचना करावी का, यावर माझं मत फार चांगलं नाही, पण लायब्ररी आपली नसते.

पॅकहाउसमध्ये क्रेट तीन प्रकारचे. जुने निळे 1.8 किलोचे, लाल 1.65 चे, आणि नवे हिरवे बरोबर 2 किलोचे. नानांनी ही वजनं एका एक्सेल शीटमध्ये ठेवली होती आणि तिथून ओपनपायएक्सेल या पायथन लायब्ररीने मी ती उचलत होतो. क्रेट पाच-पाचच्या थप्पीने मोजतात, म्हणून धडा म्हणजे एकाचं वजन गुणिले पाच. चाचणीला रिकाम्या थप्प्या लावल्या. निळी थप्पी, धडा मारला, डिस्प्लेवर 0.00. लाल, 0.00. हिरवी थप्पी चढवली, 9.99.

"हिरवा क्रेट धडा घेत नाही," नाना म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा 9.99. लाल लावली, शून्य. नानांनी हिरवा क्रेट उलटा करून खाली काही चिकटलंय का तेही पाहिलं.

9.99 हा आकडाच उत्तर सांगत होता. पाच हिरव्या क्रेटचे 10 किलो, त्यातून 10 ग्रॅम गेले. निळ्यांचा हिशेब 1.8 गुणिले 5, उत्तर 9.0. ते दिसायला पूर्ण असलं तरी पायथनच्या लेखी फ्लोट आहे, म्हणून डबलवाली मेथड निवडली गेली. हिरव्यांचा 2 गुणिले 5. शीटमध्ये नानांना तो 2.00 असा दिसतो, पण ते फक्त सेलचं फॉरमॅटिंग. फाइलच्या आत 2 एवढंच लिहिलेलं असतं आणि ओपनपायएक्सेल त्याचा इंट करून देतो. उत्तर 10, टाइप इंट, निवड इंटवाल्या मेथडची, एकक ग्रॅम. हंगामात हे तसंच गेलं असतं तर हिरव्या क्रेटच्या प्रत्येक थप्पीमागे मालकांच्या नावावर जवळजवळ दहा किलो हवा खरेदी झाली असती.

सी-शार्पवाल्या क्लायंटांना हे का दिसत नाही, याचं उत्तर मला त्या संध्याकाळी नीट उमगलं. सी-शार्पमध्ये टाइप डब्यावर लिहिलेला असतो. पायथनमध्ये तो डब्यातल्या जिनसावर असतो. सी-शार्पमध्ये 'डबल धडा' असं एकदा जाहीर केलं की आत 9 असो की 10, कुठली सेटटेअर बोलवायची हे बिल्डच्या वेळीच डब्यावरचं लेबल वाचून पक्कं होतं. कोणी थेट 10 लिहिलं तर तिथेही ग्रॅमच जातील, पण धडा असा कोणी हाताने लिहीत नाही. पायथनमध्ये नावाला टाइप नाही. मग कंपायलरने करायचं काम पायथन नेटवर पडतं, तेही चालू प्रोग्रॅममध्ये. तो मेटाडेटातून त्या नावाच्या सगळ्या मेथड काढतो, हातात आलेल्या किमती कुठल्या यादीत बसतात ते ठरलेल्या क्रमाने तपासतो आणि बसेल ती बोलावतो. कुठलीच बसली नाही तर 'नो मेथड मॅचेस गिव्हन आर्ग्युमेंट्स' म्हणून थांबतो. ही एरर आली तर नशीब समजायचं. भलतीच मेथड बसली तर काहीच येत नाही.

'नन', म्हणजे पायथनमधलं 'काहीच नाही', दिलं की हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. पावती छापणाऱ्या एका मेथडला मजकूर तरी चालतो किंवा टेम्प्लेटचं ऑब्जेक्ट. सी-शार्पमध्ये रिकाम्या डब्यावरही 'टेम्प्लेट' असं लेबल राहतं, त्यामुळे आत नल (तिथलं 'काहीच नाही') असला तरी कोणती मेथड हा प्रश्न उरत नाही. पायथनचं नन कुठल्याच डब्यातलं नसतं. गंमत म्हणजे सी-शार्पलाही 2010 मध्ये, 4.0 आवृत्तीत, 'डायनॅमिक' मिळालं, आणि ते वापरलं की तिथलीही निवड आतल्या जिनसावरून, प्रोग्रॅम चालताना होते.

एकाच नावाच्या अशा वेगवेगळ्या मेथडना ओव्हरलोड म्हणतात, आणि पायथन नेटमध्ये हवी ती टाइपचं नाव घेऊन मागता येते: 'सेटटेअर.ओव्हरलोड्स[डबल]'. मी ते केलंच, शिवाय किंमत आधी फ्लोटमध्ये घातली. एका मित्राने, तो सातपूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सुचवलं की पायथनमध्ये 2015 पासून, 3.5 आवृत्तीपासून, टाइप हिंट (नावापुढे टाइप लिहून ठेवायची सोय) आहेत, त्या लाव आणि त्या तपासणाऱ्या मायपाय या टूलने तपास. लावल्या. मायपाय गप्प. चालू प्रोग्रॅम हिंटकडे बघत नाही हे माहीत होतं, पण तपासणारं टूलही का बोलेना? तर हिंटच्या नियमातच लिहिलंय की जिथे फ्लोट हवा तिथे इंट चालतो. गणितात ते बरोबर आहे. दोन ओव्हरलोड आणि दोन एककं असलेल्या काट्यापुढे ते उपयोगाचं नाही. तेव्हा हिंट वाचणाऱ्यासाठी ठेवल्या, आणि खरी जबाबदारी 'फ्लोट' या एका शब्दावर टाकली.

पुढचं त्या मानाने लवकर आटोपलं. एककासाठी एनम (ठरावीक नावांची यादी असलेला टाइप) होतं. मी आधी दुसऱ्या कामासाठी लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये तिथे सरळ 1 दिलेलं चालायचं; 2022 मध्ये आलेल्या 3.0 पासून पायथन नेट इंटचं एनम आपोआप करत नाही, 'युनिट.किलोग्रॅम' असं पूर्ण नावच द्यावं लागतं. मला हा बदल आवडला. शून्यावरचा धडा पुन्हा मारण्याची एक मेथड पीडीएफमध्ये होती, नमुन्यात चालत होती, आणि माझ्याकडे मात्र 'असा ॲट्रिब्यूट नाही' असं उत्तर. नमुना नीट वाचल्यावर दिसलं की 'कनेक्ट' ही मेथड इंटरफेस (ऑब्जेक्टच्या ठरावीक मेथडच दाखवणारं लेबल) परत देते आणि सी-शार्पवाल्यांनी पुढच्याच ओळीत त्याला मूळ क्लासमध्ये कास्ट केलंय. 3.0 पासून पायथन नेटही जाहीर केलेला इंटरफेस पाळतो. ऑब्जेक्टच्या पोटात काय आहे ते बघायचं तर 'इम्प्लिमेंटेशन' ही पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर असलेली प्रॉपर्टी मागायची. म्हणजे इथे डब्यावरचं लेबल पायथनमध्येही चालत आलं. ओव्हरलोडच्या वेळी ते नव्हतं म्हणून त्रास, इथे होतं म्हणून त्रास.

वजन स्थिर झालं की डीएलएल एक इव्हेंट पाठवते. 'प्लस इक्वल्स'ने आपलं फंक्शन त्याला जोडता येतं, अगदी सी-शार्पसारखं. ते फंक्शन मात्र डीएलएलच्या थ्रेडवर, म्हणजे स्क्रीनपेक्षा वेगळ्या ओघात, चालतं, म्हणून त्यातून स्क्रीनला हात लावायचा नाही. मी आलेलं वजन एका क्यूमध्ये टाकतो आणि स्क्रीनवाला भाग तिथून उचलतो. केबल निघाली तर डॉट नेटचं टाइमआउट एक्सेप्शन येतं आणि ते पायथनच्या एक्सेप्टमध्ये नावानिशी पकडता येतं, हे एक सुख.

आता सगळी रचना अशी आहे: काटा नावाची एकच छोटी फाइल. डॉट नेटचं इम्पोर्ट फक्त तिथे. आत जाणारी प्रत्येक किंमत तिथे फ्लोट, स्ट्रिंग किंवा एनम होऊनच जाते, बाहेर येणारं वजन राउंड होऊन येतं, टपल तिथेच सुटतो, ओव्हरलोड असलेली मेथड नाव घेऊनच बोलावली जाते. पावतीच्या फाइलला डॉट नेटचा पत्ताही नाही. नानांना जे काही बदलून हवं असतं ते पावतीच्या फाइलमध्ये असतं, त्यामुळे काट्याच्या फाइलला सहसा कोणी हात लावत नाही. चाचणीत मी सेटटेअरनंतर काट्याची 'टेअर' प्रॉपर्टी वाचून किलो जुळतात का ते तपासतो, आणि यादीत 10, 9.0 आणि 8.25 हे तिन्ही धडे ठेवलेत. फेब्रुवारीत, आवक भरात असताना, रात्री उशिरापर्यंत गाड्या यायच्या. वजनाची तक्रार आली नाही; तक्रारी आल्या त्या प्रिंटरचा रोल संपल्याच्या.

काटेवाल्यांना मी धड्याचा प्रकार सविस्तर कळवला होता. इंजिनिअर म्हणाला, "असं कोणालाच झालेलं नाही सर." खरंच असेल. काही महिन्यांनी डीएलएलची नवी आवृत्ती आली, तिच्यात सेटटेअर आणखी एकदा आहे, या वेळी 'डेसिमल' घेणारी. जुनी स्क्रिप्ट त्यावर चालवून पाहिली. डबलचं नाव घेऊन मागितलेली असल्याने तीच मेथड मिळते, तिन्ही थप्प्या शून्य दाखवतात.

मालकांना आता पेट्यांवर लागणारी लेबलं पण इथूनच हवीत. त्या प्रिंटरचीही डीएलएल आहे, सी-शार्पचीच. पीडीएफ छापून घेतलीय आणि एकच नाव दोनदा आलेल्या मेथडवर लाल पेनाने खुणा करायचं काम चालू आहे.